इंग्रजांचा माल, ओव्हाळांचा शिक्का

दीनानाथ ओव्हाळांना इंग्रजांची शिसारी आली ती काही देशभक्तीपोटी नव्हे. असल्या गोष्टींना त्यांच्याकडे वेळ नव्हता. सकाळी पावणेसातला येरवड्याहून निघायचं, साडेसातला भोसरीत दामल्यांच्या कारखान्यातल्या तपासणीच्या खोलीचं कुलूप उघडायचं आणि संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांच्या चुका शोधत बसायचं, यात त्यांची पंचवीसेक वर्षं गेली होती. शिसारी आली ती इंग्रजांच्या मोटारींमुळे. खरं म्हणजे मोटारींमुळेही नाही. त्या मोटारी बनवणारी माणसं काय काय पोटात घालतात, ते रोज डोळ्यांनी बघावं लागलं म्हणून.

भोसरीतल्या तपासनिसाचा इंग्लंडच्या मोटारींशी संबंध काय, असं कुणीही विचारेल. संबंध एका दांड्यापुरता. इंजिनात पाणी फिरवणारा जो पंप असतो, त्याच्या मधोमध बोटाएवढ्या जाडीची एक शाफ्ट असते. माप सोळा मिलिमीटर, आणि त्यात चूक चालेल ती फक्त सहा मायक्रॉनची. आपल्या डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, तेव्हा हा सगळा मामला केसाच्या बाराव्या भागाचा. शाफ्ट जाड झाली तर बेअरिंगमध्ये शिरत नाही. बारीक झाली तर सैल बसते, वर्षभरात पंप रडायला लागतो, पाणी गळतं, इंजिन तापतं आणि गाडीवाला रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभा राहतो.

देशाची दारं उघडली तशी थोरल्या दामल्यांनी गादी सोडली आणि मुलगा अभय शिकून येऊन खुर्चीत बसला. त्याने संगणकावरून पत्रं धाडधाडून एकोणीसशे नव्याण्णव साली इंग्लंडातल्या एका जुन्या मोटार कंपनीचं शाफ्टचं काम मिळवलं. कारखान्यात पेढे वाटले. ते पेढे ओव्हाळांइतक्या आनंदाने कुणीच खाल्ले नसतील.

त्याला कारण होतं. पासष्ट साली आयटीआयमधून बाहेर पडलेले ओव्हाळ चिंचवडला, इंग्रजी सहकार्याने निघालेल्या एका कारखान्यात उमेदवार म्हणून लागले. तिथे हॉब्ज नावाचा म्हातारा इंग्रज फोरमन होता. ओव्हाळांनी केलेला जॉब तो मायक्रोमीटरमध्ये धरायचा आणि एक शब्द न बोलता भंगाराच्या डब्यात टाकायचा. बेचाळीस जॉब असे डब्यात गेले. त्रेचाळिसावा त्याने स्वतःच्या टेबलावर ठेवला आणि चहा प्यायला निघून गेला. त्या दिवशी घरी येऊन ओव्हाळांनी वडिलांना ही हकीकत सांगितली. वडील छापखान्यात ओझी वाहत. त्यांनी विचारलं, "गोरा काय म्हणाला?"

"काहीच नाही म्हणाला."

"मग बरं झालं," वडील म्हणाले.

त्या घराने छप्पन्न साली बाबासाहेबांमागून धम्म घेतला होता. पण धम्म घेतला म्हणून बाहेरच्यांनी आडनाव विचारायचं काही सोडलं नव्हतं. मायक्रोमीटर मात्र आडनाव विचारत नाही, ही गोष्ट ओव्हाळांना सतराव्या वर्षी कळली आणि त्यांनी ती जन्मभर घट्ट धरून ठेवली. माप बरोबर असेल तर बरोबर, नसेल तर डब्यात. हे त्यांना एका इंग्रजाने शिकवलं होतं. तेव्हा इंग्रजांच्या मोटारीला आपला माल जाणार, त्यावर तपासनीस म्हणून आपला सात नंबरचा शिक्का असणार, या कल्पनेने माणूस फुगला तर त्यात नवल नाही.

फुगा फुटायला तीन महिने पुरले. पहिल्याच लॉटमध्ये दोनशे शाफ्ट तीन मायक्रॉनने मापाबाहेर गेल्या. ओव्हाळांनी लाल चिठ्ठी बांधून त्या बाजूला ठेवल्या. अभय धावत आला. इंग्लंडला जाणारी बोट गाठायची होती.

"काका, डेव्हिएशन टाकू या."

डेव्हिएशन म्हणजे एका पानाचा अर्ज. आमचा माल मापात नाही, तरी कृपया घ्यावा, एवढाच त्याचा अर्थ. ओव्हाळांनी तो भरला. त्या दिवशी त्यांना डबा गेला नाही. हॉब्जच्या देशाला आपण असला कागद पाठवतो आहोत, आता तिकडून काय जोडे येतील ते येतील, या विचाराने त्यांना रात्री झोप आली नाही. सकाळी फॅक्सवर उत्तर हजर होतं. मान्य. माल पाठवा. लाइन थांबता कामा नये.

पुढच्या महिन्यात चार अर्ज गेले. चारही मान्य. वर्षअखेर अर्जांची फाइल जाड झाली, आणि एकही परत आला नाही. कुणी विचारलं नाही की बाबांनो, हे का होतंय? ओव्हाळांना आधी आश्चर्य वाटलं, मग राग आला, आणि मग नुसतीच किळस राहिली. सडलेला टोमॅटो टोपलीत दिसला तर गिऱ्हाइकाने तरी तोंड वाकडं करावं की नाही? हे गिऱ्हाइक तेही करत नव्हतं.

दोन हजार एकच्या हिवाळ्यात त्या कंपनीचा माणूस कारखाना बघायला आला. प्रिचर्ड त्याचं नाव. गुलाबी, मऊ, तोंडभर हसणारा गृहस्थ. बोलायला इतका चांगला की त्याच्यावर रागावणंही कठीण. त्याला तांबट आळीत जाऊन तांब्याचा बंब घ्यायचा होता, म्हणून तपासणीच्या खोलीला त्याने दहा मिनिटं दिली. टेबलावर लाल चिठ्ठीच्या शाफ्ट होत्या. त्याने एक उचलली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. अंगठा! समोर चार लाखांचं मोजमापाचं यंत्र, आणि हा पठ्ठ्या सोळा मिलिमीटर अंगठ्याने बघतोय.

"सुंदर," तो म्हणाला.

"पण साहेब, माप?" ओव्हाळांनी आपल्या कारखानी इंग्रजीत विचारलं.

प्रिचर्डने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आमची माणसं जुनी आहेत, अनुभवी आहेत, ती बरोबर बसवतात, असं सांगून त्याने खिशातून फोटो काढला. लाइनवरचा एक टकला इसम रबरी हातोडीने पंपात शाफ्ट ठोकत होता. प्रिचर्डचे वडीलही याच शॉपमध्ये होते म्हणे. त्यांच्या वेळच्या मशिनी अजून चालू आहेत, हे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं.

त्या रात्री ओव्हाळ जेवायला बसले ते बडबडतच. "हॉब्जच्या गावची माणसं. हातोडीने शाफ्ट बसवतात. हातोडीने! आणि फोटो काढून खिशात बाळगतात."

"बसते ना पण?" बायको हिराबाईंनी आमटी वाढत विचारलं.

ओव्हाळांनी ताट सरकवलं. ज्या घरात आपण मायक्रॉन म्हणजे काय हे तीस वर्षं समजावून सांगितलं, त्या घरात हा प्रश्न यावा याचं त्यांना वाईट वाटलं. त्यांची मुलगी दीक्षा तेव्हा नुकतीच हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत लागली होती. ती म्हणाली, "बाबा, आमच्या ऑफिसात अर्ध्या पोरांच्या स्क्रीनवर जर्मन गाड्यांचे वॉलपेपर आहेत. ब्रिटिश गाडी मी एकाच्याही स्क्रीनवर पाहिली नाही. सीरियसली."

तेही खरंच होतं. पुण्यात जर्मन गाड्या जुळायला लागून वर्षं झाली होती. बाणेरच्या नव्या बंगल्यांत, डेक्कनवरच्या डॉक्टरांकडे त्या दिसायच्या. ओव्हाळ बसच्या खिडकीतून त्यांच्या दारांच्या फटी बघत. वरपासून खालपर्यंत फट सारखी. इंग्रजी नाव असलेली गाडी कुणी हौसेने घेतल्याचं ऐकिवात नव्हतं. एके काळी अर्ध्या जगाला मोटारी पुरवणारा हा देश, आणि आता त्याच्या मोटारीला त्याच्याच गावात हातोडी लागते. माणसाने इतकं घसरावं आणि वर हसत खांद्यावर हात ठेवावा, हे ओव्हाळांना काही केल्या गिळवत नव्हतं.

मग जर्मन आले. दोन हजार तीनमध्ये अभयने जर्मनीतल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीकडे नमुन्यादाखल तीस शाफ्ट पाठवल्या. एकोणतीस ठेवून घेतल्या, एक परत आली. सोबत फोटो आणि फोटोवर लाल बाण. बाणाच्या टोकाशी, शाफ्टच्या कडेला, भिंग लावूनही नीट दिसू नये एवढी बर होती, म्हणजे कातताना राहिलेला धातूचा कण. अभयने "काय नाटकं आहेत" म्हणून कपाळावर हात मारला. ओव्हाळांनी तो फोटो मागून घेतला आणि मापांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. दार उघडलं की बाण दिसायचा आणि त्यांना बरं वाटायचं. जगात कुठेतरी अजून कुणीतरी बघतंय.

मार्च दोन हजार सहामध्ये ते निवृत्त होणार होते. त्याआधी जर्मनांची पक्की मंजुरी मिळावी, सात नंबरच्या शिक्क्याचा माल त्यांनी उलटासुलटा करून बघावा आणि बाण काढायला त्यांना जागा सापडू नये, एवढी एकच गोष्ट ओव्हाळांना हवी होती. पगारवाढ, सत्कार, शाल-नारळ यांतलं काही नको होतं. हॉब्जने टेबलावर ठेवलेल्या त्रेचाळिसाव्या जॉबनंतर तसं कुणी काही केलंच नव्हतं.

दोन हजार चारच्या ऑक्टोबरात जर्मनांची पाचशे शाफ्टची चाचणी ऑर्डर आली. त्याच मशिनवर, त्याच मापाने, इंग्रजांचाही माल चालू होता. आणि तेव्हाच दसरा आला.

दसऱ्याला ओव्हाळ दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जात. आणि कारखान्यात आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा असे. लेथ, ड्रिल, पाने, हातोड्या, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. ओव्हाळ नागपूरला निघण्याआधी मापांचं कपाट कुलूपबंद करत आणि किल्ली खिशात घालून जात. पोरं मागून कुजबुजत, "यांच्या मापांना आमचं कुंकू चालत नाही." ओव्हाळ ऐकून न ऐकल्यासारखं करत. प्रश्न धर्माचा नव्हता, लोखंडाला ओल लागली की गंज धरतो, एवढाच होता. पण ते सांगायला गेलं तर वाद घालतील, वर आपल्यालाच शिकवतील, असं ओव्हाळांनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. सव्वीस वर्षं त्यांनी किल्ली खिशात घातली आणि तोंड मिटलं.

या खेपेला किल्ली ठेवून जावी लागली. जर्मनांच्या मालासाठी रोज सकाळी मोजायची डायल मास्टरवर लावून घ्यायला हवी होती. मास्टर म्हणजे बरोबर सोळा मिलिमीटरचा पोलादी गोल तुकडा. डायल त्यावर ठेवून शून्य करायची आणि मग शाफ्ट तपासायच्या. कारखान्यातल्या सगळ्या मापांचा बाप तो. ओव्हाळांनी किल्ली मशिनवरच्या संपतकडे दिली. संपत मोशीचा, हाताने हुशार, स्वभावाने भोळा.

"मास्टरला काही करायचं नाही. डायल लावायची, परत ठेवायचा."

"व्हय साहेब," संपत म्हणाला.

ओव्हाळ नागपूरहून परतले, कपाट उघडलं, मास्टर हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. मास्टर लखलखत होता. जसा तो कधीच लखलखत नसे. त्यांनी तो पक्क्या मापाच्या तुकड्यांशी ताडून पाहिला. नऊ मायक्रॉन कमी. त्यांनी पुन्हा ताडून पाहिला. नऊच.

संपतने फारसे आढेवेढे घेतले नाहीत. "साहेब, तुम्ही येवढं जपता, म्हणजे सगळ्यात मोठं हत्यार त्येच हाय की. म्हून त्येलाच मधी ठेवलं, पानावर. गंध लावलं, कुकू लावलं. दोन दिवस तसंच ऱ्हायलं. मग बघतो तर डाग पडल्याले. तुम्ही वरडाल म्हून लेथला लावला आन् पॉलिश पेपर मारला. चांगला चमकला की ओ."

ओव्हाळांनी त्याला सगळ्या शॉपसमोर झोडपलं, शब्दांनीच, पण असं की दुपारी तो जेवायला बसला नाही. देवाची माप-काट्यांत काय गरज, गाढवाला किल्ली दिली तर आणखी काय होणार, असं बरंच काही ते बोलले. पॉलिश मारल्यानंतरच्या तीन दिवसांत तेवीसशे शाफ्ट चुकीच्या शून्यावर निघाल्या होत्या. अठराशे इंग्रजांच्या, पाचशे जर्मनांच्या. सगळ्या बारीक.

अभयने डोकं गच्च धरलं आणि मग नेहमीप्रमाणे आधी इंग्लंडचा कागद काढला. ओव्हाळांच्या एका हातात चहाचा कप होता, दुसऱ्याने त्यांनी उभ्याउभ्याच सही केली. आता मान्यताही फॅक्सऐवजी ईमेलवर यायची. वीस मिनिटांत उत्तर आलं. मान्य. अर्जाचा क्रमांक चारशे सोळा.

"वीस मिनिटं!" अठराशेंवर शिक्के मारता मारता ओव्हाळ भडकले. "वाचला तरी का त्यांनी? नऊ मायक्रॉन कमी आहे, का, कशाने, एक प्रश्न नाही? ही माणसं आहेत का कचऱ्याची पेटी? थू!"

"काका, आपलं काम झालं ना?" अभय म्हणाला. "आता त्या पाचशेंचं बघा. इंग्लंडने घेतल्या म्हणजे चालण्यासारख्या आहेतच. जर्मनांना नऊ मायक्रॉन लगेच दिसणार नाही. शिक्का मारा, आज निघू देत."

"नाही मारणार."

"काका, ही ऑर्डर गेली तर परत येणार नाही."

"अभयसाहेब, सव्वीस वर्षं मी इथे आहे. काढायचं असेल तर काढा. या पाचशेंवर सात नंबर लागणार नाही."

त्यांनी शिक्का पँटच्या खिशात घातला आणि घरी घेऊन गेले. दोन दिवस ते शिक्का घेऊनच आले आणि घेऊनच गेले. तिसऱ्या दिवशी अभयने शिव्या घालत पाचशे शाफ्ट भंगारात टाकल्या, जर्मनांना उशीर होईल असं कळवलं, आणि त्यांनी कारण विचारलं तेव्हा ओव्हाळांनी लिहिलेला अहवाल जसाच्या तसा पाठवून दिला. पूजा, कुंकू, पॉलिश पेपर, सगळं. नव्या शाफ्ट गेल्या. पुढे जर्मनांनी कळवलं की मंजुरीआधी आमचं माणूस एप्रिलमध्ये कारखाना बघायला येईल.

एप्रिलमध्ये, ते माणूस यायच्या आठवडाभर आधी, इंग्लंडची ती कंपनी बंद पडली. त्या ऑक्टोबरनंतर तिची नवी ऑर्डर आलीच नव्हती. दीक्षाने घरी संगणकावर बातमी वाचली. "बाबा, तुमची ती यूकेवाली शट डाउन झाली. ऑफिशियली. सहा हजार लोक घरी. तुम्ही म्हणालाच होतात."

"म्हणालोच होतो," ओव्हाळ म्हणाले. त्यांनी बातमीतला फोटो पाहिला. फाटकाबाहेर उभी असलेली, हातांच्या घड्या घातलेली म्हातारी माणसं. त्यांत प्रिचर्ड आहे का, हे त्यांनी शोधलं नाही. हातोडीने शाफ्ट ठोकता ना, मग बसा आता, असं त्यांना वाटलं आणि तसं वाटल्याचं त्यांना काही वाईट वाटलं नाही.

जर्मनांचं माणूस म्हणजे एक बाई निघाल्या. केलर नावाच्या, पन्नाशीच्या, पांढऱ्या केसांच्या, सपाट बुटांच्या. स्वतःची बॅटरी आणि स्वतःचं भिंग घेऊन आल्या होत्या. चहा नको म्हणाल्या. कपाटाच्या दारावरचा बाणाचा फोटो पाहून त्या हसल्याही नाहीत. नीट वाचून पुढे गेल्या. ओव्हाळांना त्या फार आवडल्या.

मग त्यांनी मास्टरची हकीकत उकरायला घेतली. इंग्रजीत त्या हळू बोलत, अभय अधूनमधून मराठीत सांगे. गंज का चढला? ओल्या कुंकवाने. कुंकू का? सण होता. सण दरवर्षी येतो? येतो. मग हे होऊ शकतं, हे किती वर्षांपासून माहीत होतं?

"सव्वीस," ओव्हाळ म्हणाले.

"मग लेखी सूचना कुठे आहे?"

"मी कुलूप लावत होतो."

बाई संपतकडे वळल्या. हा तुकडा कशासाठी असतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? अभयने प्रश्न मराठीत केला. संपतने ओव्हाळांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"न्हाय. सांगितलं असतं तर हात कशाला लावला असता? त्ये कपाट साहेबांचं."

ओव्हाळांचे कान तापले. पण बाईंनी वहीत लिहून घेतल्यावर मान वर केली आणि म्हणाल्या की तुमचा अहवाल मात्र चांगला होता, भारतातून असा खरा अहवाल मला क्वचित मिळतो. एवढ्याने ओव्हाळ पुन्हा सावरले. सूचनांचा कागद काय, एका दिवसात भिंतीवर लागेल. मुख्य गोष्ट झाली होती. बघणाऱ्या माणसाने बघितलं होतं.

जेवणाच्या टेबलावर इंग्लंडचा विषय निघाला. अभयने काढला, आणि ओव्हाळांनी हातात घेतला. त्यांना इतकं बोलताना अभयने कधी पाहिलं नव्हतं. प्रिचर्डचा अंगठा, रबरी हातोडी, बापजाद्यांच्या मशिनी, वीस मिनिटांत आलेलं उत्तर, सगळं त्यांनी मोडक्या इंग्रजीत साभिनय सांगितलं. "मॅडम, पाच वर्षांत चारशे सोळा अर्ज. एकालाही नाही म्हणाले नाहीत. एकालाही! असला देश मोटारी काय बनवणार? त्यांचं नाक गेलं होतं, मॅडम. सडकं आणि ताजं यांतला फरक त्यांना कळत नव्हता." बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच घाण वास आल्यासारखा भाव आला होता. अभय हसत होता. बाई भाकरीचा तुकडा मोडत ऐकत होत्या.

जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, "ती चारशे सोळांची फाइल मला बघायची आहे."

फाइल एक नव्हती, चार होत्या. बाईंनी भराभर पानं उलटली नाहीत. त्या एकेक कागद बघत होत्या, आणि प्रत्येक कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर त्यांचं पेन थांबत होतं. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी विचारलं, "हे डी. ओव्हाळ कोण?"

अभयने ओव्हाळांकडे पाहिलं. अभयने सांगितलं म्हणून सह्या केल्या, असं ओव्हाळांना म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"मी," ते म्हणाले.

बाईंनी शेवटचा कागद काढून वेगळा ठेवला. ऑक्टोबरचा. "हा मास्टर, हे मशिन, हे तीन दिवस. आमच्या पाचशे शाफ्टवर तुम्ही शिक्का मारला नाहीत. यांच्या अठराशेंवर मारलात. का?"

"मॅडम, ते घेत होते."

"ते कसे होते हे मी विचारलं नाही. ते बंद पडले. मी तुमच्याबद्दल विचारते आहे."

ओव्हाळांना पहिला अर्ज आठवला, त्या दिवशीचा न खाल्लेला डबा आठवला. दुसऱ्या अर्जाच्या वेळी डबा खाल्ला होता का, ते आठवेना. विसाव्याच्या वेळी काय झालं होतं, शंभराव्याच्या वेळी काय, काहीच आठवेना. सही मात्र सगळीकडे एकसारखी दिसत होती, नीटनेटकी, खाली रेघ मारलेली. त्यांना त्या सहीची किळस आली. अंगावर पाल पडावी तशी ती किळस होती आणि झटकायला जागा नव्हती. पाच वर्षं ते परक्यांच्या नावाने थुंकत होते, आणि मागायला दर वेळी हेच गेले होते.

"या पाच वर्षांत," बाई शांतपणे म्हणाल्या, "इंग्लंडला जाणारा मापाबाहेरचा एखादा लॉट त्यांना न विचारता, तुम्ही स्वतः भंगारात टाकलात का? आमच्या पाचशेंसारखा? एक दाखवा. मला घाई नाही."

अभय काहीतरी बोलू पाहत होता. ओव्हाळांनी हाताने त्याला थांबवलं. ते उठले, मागच्या मांडणीवरून तपासणीची पाचही वर्षांची रजिस्टरं काढून टेबलावर ठेवली आणि चष्मा लावला. पहिलं रजिस्टर त्यांनी पहिल्या पानापासून बघायला घेतलं, एकेका ओळीवरून बोट फिरवत. बाई समोर बसून राहिल्या. दारात संपत उभा होता. पहिलं रजिस्टर संपलं, त्यांनी दुसरं उघडलं. असा लॉट एकही नव्हता, हे रजिस्टर काढायला उठले तेव्हाच त्यांना ठाऊक होतं. तरी ते पानं उलटत राहिले, कारण थांबले असते तर तसं तोंडाने म्हणावं लागलं असतं.